हुकमाआधीचा विराम

'एफटीएल : फास्टर दॅन लाइट' या २०१२ सालच्या खेळात एक पेच पुन्हा पुन्हा उभा राहतो. शत्रूचं क्षेपणास्त्र ढालींना न जुमानता जहाजात शिरतं, इंजिनाच्या खोलीत आग लागते, प्राणवायूची यंत्रणा बंद पडते आणि नेमके तेव्हाच परके सैनिक शस्त्रांच्या खोलीत उतरतात. जहाजावर आपली माणसं चार. खेळाडू स्पेसबार दाबतो. पडद्यावरची ज्वाळा, गोळा, माणूस, सगळं जागच्या जागी थबकतं आणि खेळाचा खरा भाग सुरू होतो. बाहेरचे दरवाजे उघडले तर हवा निघून जाईल, आग विझेल आणि घुसखोरही गुदमरतील. पण मग इंजिनाजवळच्या आपल्या माणसाला आधी हलवायला हवं. प्राणवायूची दुरुस्ती लांबली तर उरलेल्या खोल्यांतली हवाही संपेल. शत्रूवर लेझर आत्ताच डागावेत, की दुसरं शस्त्र तयार होईपर्यंत थांबून दोन्हींचा मारा एकत्र करावा? सगळा हिशेब मांडून खेळाडू चार-पाच हुकूम देतो, पुन्हा स्पेसबार दाबतो आणि ते सगळे हुकूम एकाच वेळी अमलात येऊ लागतात. त्यातला एखादा चुकीचा असेल तर त्याची किंमत पुढच्या दहा सेकंदांत मोजावी लागते.

लढाई थांबवून हुकूम देण्याची ही 'पॉज'ची सोय म्हणजे खेळाडूला दिलेली सवलत, असं मानणारे पुष्कळ आहेत. शत्रू वाट पाहत नाही, तेव्हा खरा कस घड्याळ चालू असतानाच लागतो, असं ते म्हणतात. मला हे मत चुकीचं वाटतं आणि त्याची कारणं केवळ आवडीनिवडीची नाहीत. रिअल-टाइम स्ट्रॅटेजी, म्हणजे चालत्या घड्याळावर खेळायचे डावपेचांचे खेळ, एका माणसाच्या हाती अख्ख्या सैन्यातल्या अधिकाऱ्यांचं काम सोपवतात. पॉज हे ओझं पेलण्याजोगं करतो. तो काढून घेतल्याने खेळ वास्तवाच्या अधिक जवळ जात नाही. त्यात डावपेचांचं वजन घटतं आणि बोटांच्या वेगाचं वाढतं, इतकंच.

हे ओझं कसं तयार झालं ते पाहण्यासाठी या खेळांच्या उगमाकडे जावं लागतं. वेस्टवुड स्टुडिओजच्या 'ड्यून २' या १९९२ सालच्या खेळाने या प्रकाराची घडी बसवली : संपत्ती गोळा करा, तळ उभारा, फौज तयार करा, शत्रूचा तळ उद्ध्वस्त करा आणि हे सगळं घड्याळ चालू असताना. त्यात एका वेळी एकाच रणगाड्याला हुकूम देता यायचा. दहा रणगाडे हलवायचे तर तीच क्रिया दहा वेळा करायची. पुढे १९९४ साली 'वॉरक्राफ्ट', १९९५ साली 'कमांड अँड कॉन्कर', १९९७ साली 'एज ऑफ एम्पायर्स' आणि १९९८ साली 'स्टारक्राफ्ट' आले. माउसने चौकट ओढून अनेक युनिट एकदम निवडता येऊ लागली. तरीही 'स्टारक्राफ्ट'मध्ये एका गटात बाराच युनिट मावत. साठ सैनिकांचा हल्ला करायचा तर पाच गट बांधायचे, पाच वेळा हुकूम द्यायचा आणि तेवढ्यात मागे तळावर नव्या सैनिकांची भरती चालू ठेवायची. मनात ठरलेला बेत पडद्यावर उतरेपर्यंत मधे हातांचं बरंच काम पडायचं. ज्याचे हात चपळ, त्याचा बेत आधी उतरायचा, मग तो दुय्यम दर्जाचा का असेना.

दक्षिण कोरियात 'स्टारक्राफ्ट'च्या व्यावसायिक स्पर्धा रुजल्या आणि खेळाडूचा वेग मोजण्याचं एक परिमाणही रूढ झालं : मिनिटाला किती क्रिया. नामवंत खेळाडू मिनिटाला तीनशे आणि त्याहून अधिक क्रिया करतात. ते कौशल्य अस्सल आहे. वर्षानुवर्षांच्या सरावाने ते येतं आणि ते पाहण्यात तबल्याच्या द्रुत लयीसारखा आनंद असतो. पण ते आणि डावपेचांचं शहाणपण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. याचा सर्वांत स्पष्ट पुरावा माणसांच्या सामन्यांतून आला नाही, तो यंत्राच्या सामन्यांतून आला. डीपमाइंड या कंपनीच्या 'अल्फास्टार' प्रणालीने 'स्टारक्राफ्ट २'मध्ये दोन व्यावसायिक खेळाडूंना प्रत्येकी ५-० असं हरवल्याचं जानेवारी २०१९ मध्ये जाहीर झालं. जाणकारांनी लगेच आक्षेप घेतला. यंत्राच्या क्रियांची सरासरी माणसापेक्षा कमी होती हे खरं, पण ऐन चकमकीत त्याचा वेग आणि अचूकपणा कोणत्याही हाताला न झेपणारा होता; शिवाय त्याला कॅमेरा न हलवता नकाशाचा दिसणारा सगळा भाग एकदम पाहता येत होता. मग हा विजय बुद्धीचा म्हणायचा की हातांचा? कॅमेऱ्याचं बंधन घातलेल्या आवृत्तीला पोलंडच्या 'माना' या खेळाडूने थेट प्रक्षेपणातल्या सामन्यात हरवलं. त्यानंतर डीपमाइंडने क्रियांच्या वेगावर अधिक कडक मर्यादा घालून पुन्हा चाचणी घेतली आणि प्रणाली ग्रँडमास्टर पातळीला पोहोचल्याचं त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये प्रसिद्ध केलं. यंत्राची बुद्धी मोजायची तर आधी त्याचे हात बांधावे लागतात, हे सगळ्यांना पटलं. माणसाच्या बाबतीत हाच न्याय उलट बाजूने लावला, तर त्याची बुद्धी मोजण्यासाठी त्याच्या हातांना वेळ द्यायला हवा. पॉज तेवढंच करतो.

यावर पहिला आक्षेप रणांगणाच्या नावाने येतो. खऱ्या सेनापतीला वेळ थांबवता येत नाही, मग खेळाडूला का यावी? हा आक्षेप वजनदार वाटतो, पण खऱ्या सेनापतीचं काम नीट पाहिलं की तो टिकत नाही. कोणताही सेनापती प्रत्येक शिपायाला कुठल्या झाडाआड लपायचं ते सांगत नाही. तो उद्दिष्ट ठरवतो. ते कसं गाठायचं हे खालचा सरदार, त्याखालचा जुमलेदार आणि शेवटी तो शिपाई आपापल्या नजरेने ठरवतात. निरोप नेणारे, रसद पाहणारे, नकाशे राखणारे वेगळे असतात. नेपोलियनच्या हुकमांना नीटस लेखी रूप देऊन ते वेळेत पोहोचवण्याची जबाबदारी बेर्तिये हा त्याचा सेनाप्रमुख वाहत असे. संगणकावरच्या लढाईत यातलं कुणीच नसतं. तिथले शिपाई बहुधा हुकमाचे ताबेदार असतात. तोफेचा गोळा अंगावर येत असला तरी सांगितल्याशिवाय हलत नाहीत. सेनापती, सरदार, जुमलेदार आणि जासूद ही सगळी कामं एकट्या खेळाडूच्या माथी येतात. वीस डोकी जे एका मिनिटात करतात ते एका डोक्याकडून करवून घ्यायचं असेल, तर त्याला वीस मिनिटं देणं हाच वास्तवाशी प्रामाणिक व्यवहार आहे.

'एम्पायर : टोटल वॉर' या २००९ सालच्या खेळात हे मराठी वाचकाला चटकन जाणवेल, कारण त्यात मराठ्यांची बाजू घेऊन खेळता येतं आणि मोहीम सुरू होते १७०० साली. त्याच वर्षी मार्चमध्ये सिंहगडावर राजाराम महाराजांचा मृत्यू झाला आणि ताराबाईंनी कारभार हाती घेतला. औरंगजेब स्वतः दख्खनमध्ये ठाण मांडून सातारा, पन्हाळा, विशाळगड असे गड एकामागून एक घेत होता. तरीही त्याला हे युद्ध जिंकता आलं नाही, याचं एक मोठं कारण म्हणजे मराठ्यांचं युद्ध कुठल्या एकाच डोक्यातून चालत नव्हतं. धनाजी जाधवांसारखे सेनानी आपापल्या फौजा घेऊन दूरदूर फिरत होते, कुठे छापा घालायचा आणि कुठून निसटायचं याचा निर्णय जागेवर घेत होते. ताराबाई दिशा ठरवत होत्या; घोड्याचा लगाम ज्याच्या त्याच्या हाती होता. 'एम्पायर'मधल्या लढाईत मात्र फौजेत वीसपर्यंत तुकड्या असतात आणि त्या प्रत्येकीचा लगाम खेळाडूच्याच हाती असतो. डावीकडे घोडदळ वळसा घालतंय, मध्ये बंदूकधारी रांग धरून आहेत, उजवीकडे तोफा नव्या जागी हलवायच्या आहेत. नजर एका वेळी एकाच ठिकाणी राहते. पॉज न करता खेळणाऱ्याचं घोडदळ शत्रूच्या भाल्यांवर जाऊन आदळतं, कारण त्या क्षणी तो तोफा पाहत होता. ही चूक डावपेचांची नाही. तिथे शहाणा सरदार असता तर त्याने घोडा आपणहून वळवला असता. पॉज त्या गैरहजर सरदाराची जागा घेतो.

युद्धाच्या खेळांचा जुना इतिहासही हेच सांगतो. प्रशियाच्या सैन्यातला तरुण अधिकारी राइसवित्झ याने वडिलांच्या मूळ कल्पनेवरून तयार केलेला 'क्रीग्जश्पील' १८२४ साली सेनाप्रमुख म्यूफलिंगपुढे मांडला. मोठ्या प्रमाणाच्या नकाशावर दोन्ही बाजूंचे अधिकारी तुकड्या हलवत आणि पंच निकाल देत असे. त्यातली एक पाळी म्हणजे लढाईतली दोन मिनिटं. प्रत्यक्षात ती पाळी खेळायला बराच अधिक वेळ लागे आणि त्यात कुणालाही वावगं वाटलं नाही. अधिकाऱ्यांना घाई शिकवणं हा हेतूच नव्हता. परिस्थिती वाचणं, पर्याय तोलणं, हुकूम नेमक्या शब्दांत देणं हे शिकवायचं होतं आणि त्यासाठी लढाईची दोन मिनिटं ताणणं भाग होतं. पुढे खऱ्या मैदानावर वेगाने निर्णय घेता यावेत म्हणून आधी नकाशावर सावकाश निर्णय घेण्याची सवय लावायची, हा त्यामागचा विचार. पॉज असलेला संगणकीय खेळ त्याच परंपरेत बसतो.

संगणकावर ही परंपरा दोन दिशांनी आली. मायक्रोप्रोजच्या 'डार्कलँड्स'ने १९९२ सालीच चालत्या घड्याळावरची लढाई थांबवून हुकूम देण्याची सोय दिली होती. पण ती सर्वदूर पोहोचली १९९८ च्या अखेरीस, कॅनडातल्या बायोवेअरच्या 'बाल्डर्स गेट'मुळे. ज्या तांत्रिक पायावर हा खेळ उभा आहे तो आधी 'बॅटलग्राउंड इन्फिनिटी' नावाच्या, डावपेचांच्या खेळाच्या नमुन्यासाठी तयार झाला होता. सहा जणांचा चमू, प्रत्येकाची शस्त्रं वेगळी, मंत्र वेगळे. त्यात पॉज केव्हा व्हावा हे खेळाडूला आधीच ठरवून ठेवता येतं : शत्रू दिसला की, सोबती जखमी झाला की, लक्ष्य मेलं की, फेरी संपली की. जागरूक कारभारी ज्या प्रसंगी मालकाला उठवेल, तेच हे प्रसंग. दुसरी दिशा स्वीडनची. पॅराडॉक्सच्या २००० सालच्या 'युरोपा युनिव्हर्सालिस'पासून पुढच्या अनेक मोठ्या खेळांत शतकांचा इतिहास दिवसादिवसाने सरकतो. खेळाडू वेग कमी-जास्त करतो, हवं तिथे थांबवतो, तह वाचतो, कर्ज काढतो, फौज वळवतो. तिथे पॉजशिवाय खेळण्याची कल्पनाच कुणी करत नाही. अख्ख्या राज्याचा कारभार धावता धावता करायचा नसतो, हे तिथे गृहीतच आहे.

दुसरा आक्षेप असा की, थांबायची मुभा असेल तर खेळ सोपा होतो. याला 'एफटीएल' हेच उत्तर आहे. कितीही वेळा, कितीही काळ पॉज करा, हा खेळ नवख्याला पहिल्या अनेक प्रयत्नांत हरवतो आणि मुरलेल्यालाही घाम फोडतो. खेळाडूला विचाराला वेळ आहे हे माहीत असल्यामुळेच त्याच्या दोघा निर्मात्यांना प्रश्न अवघड करता आले. लेझरच्या माऱ्याने ढाली उतरल्या की नेमक्या त्याच क्षणी किरणशस्त्र चालवायला हवं. पाव सेकंद आधी चालवलं तर वाया. सहा-सात यंत्रणांत वाटायला वीज अपुरी. वेळ नसेल तेव्हा निर्माता असे गुंतागुंतीचे प्रश्न विचारू शकत नाही, कारण पर्याय वाढले की माणसाला निवडायला लागणारा वेळही वाढतो; ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ हिक याने १९५२ सालीच हे प्रयोगांतून दाखवलं होतं. चालत्या घड्याळावर अवघड प्रश्न विचारला तर उत्तर सुचण्याआधीच निकाल लागतो आणि खेळाडू पाठ केलेल्या चालींवर विसंबतो. म्हणजे काठिण्य नाहीसं होत नाही, त्याची जागा बदलते. 'टोटल वॉर : शोगन २' या २०११ सालच्या खेळात 'लेजंडरी' नावाच्या सर्वोच्च पातळीवर थांबवून हुकूम देण्याची सोय काढून घेतली आहे. ती पातळी कठीण आहे यात वाद नाही. पण ती कठीण होते ती नजर आणि हात पुरे पडत नाहीत म्हणून. ज्याला तो कस आवडतो त्याने जरूर खेळावी. तिला सर्वांत वरच्या पायरीवर बसवणं मात्र मला मान्य नाही.

तिसरा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे आणि त्यात तथ्यही आहे. थांबायचंच असेल तर सरळ पाळीपाळीने खेळा, बुद्धिबळासारखं; हे अर्धवट प्रकरण कशाला? लारियनचा 'बाल्डर्स गेट ३' २०२३ साली आला तो पूर्णपणे पाळीपाळीचा आणि त्याचं अफाट स्वागत झालं. ऑब्सिडियनने 'पिलर्स ऑफ इटर्निटी २'मध्ये पाळीपाळीचा पर्याय जानेवारी २०१९ मध्ये, म्हणजे खेळ बाजारात आल्यानंतर काही महिन्यांनी जोडला. जुन्या 'बाल्डर्स गेट'च्या घराण्यातच पॉजची पीछेहाट झाली, हे मान्य करायला हवं. पण तिचं कारण पॉजमध्ये नाही. त्या पहिल्या खेळाचे नियम मेजाभोवती बसून, पाळीपाळीने खेळण्यासाठी लिहिलेले होते; एकेक फेरी सहा सेकंदांत बसवून ते चालत्या घड्याळात ओतले गेले. फासा कधी पडला, वार का चुकला, हे दिसेनासं झालं आणि सहा जणांच्या गर्दीत खेळाडू सारखा थांबून गोंधळच निस्तरत राहिला. जिथे नियम मुळात पाळीपाळीचे आहेत तिथे पाळीच शोभते. पण जिथे आग पसरते, तोफेचा गोळा हवेत असतो, घोडदळ वेग घेत जातं, तिथे पाळीपाळीने खेळणं म्हणजे एका बाजूने पुतळ्यासारखं उभं राहून दुसऱ्याचा वार झेलणं. दोन्ही बाजू एकाच वेळी हलतात, एकमेकींच्या आड येतात, हाच लढाईचा गाभा आहे. पॉज तो अबाधित ठेवतो : विचार सावकाश होतो, घटना मात्र एकदमच घडतात. या दोन्ही वाटांचे गुण वेगळे आहेत हे आऊलकॅटच्या 'पाथफाइंडर : रॅथ ऑफ द राइटियस'ने २०२१ साली ओळखलं आणि हवं तेव्हा एकीवरून दुसरीवर जाण्याची मुभा खेळाडूला दिली.

उत्कंठेचं काय, असंही विचारलं जातं. सारखं थांबल्याने रंग जातो ना? बटण म्हणून पॉज नुसता चिकटवला असेल तर जातो. पण नीट घडवलेल्या खेळात थांबलेला क्षण ताण वाढवतो, कारण आपल्या चुकीचा दोष घाईवर ढकलण्याची सोय उरत नाही. त्यासाठी निर्मात्याला कष्ट घ्यावे लागतात. थांबलेल्या पडद्यावर सगळी माहिती वाचता आली पाहिजे, दिलेले हुकूम रेषांनी दिसले पाहिजेत, ते बदलता आले पाहिजेत, एकापुढे एक रचून ठेवता आले पाहिजेत. रेलिकची 'कंपनी ऑफ हीरोज' ही मालिका २००६ पासून धावपळीच्या लढायांसाठी ओळखली जाते. २०२३ साली तिच्या तिसऱ्या भागात एकट्याने खेळणाऱ्यासाठी पॉज आला तो हुकमांची अशी रचना करण्याच्या सोयीसह. वेगाच्या घराण्यातल्या खेळानेही ही वाट धरावी, यातून या सोयीची खरी गरज दिसते.

आक्षेपकांचं एक म्हणणं मात्र मी पूर्ण मान्य करतो. दोन अनोळखी खेळाडू इंटरनेटवर समोरासमोर असताना एकाचा पॉज म्हणजे दुसऱ्याचा खोळंबा. पॅराडॉक्सचे खेळ मित्रमंडळी एकत्र खेळतात तेव्हा आपसांत समजुतीने हे जमतं. चुरशीच्या स्पर्धेत जमणार नाही. तिथे चालतं घड्याळच योग्य. पण म्हणून तेच घड्याळ सर्वत्र प्रमाण ठरत नाही. बुद्धिबळाने हा प्रश्न केव्हाच सोडवला आहे. जुलै २०२५ मध्ये बाटुमी इथे महिला विश्वचषकाच्या अंतिम फेरीत नागपूरची दिव्या देशमुख आणि कोनेरू हंपी यांच्यातले पारंपरिक पद्धतीचे दोन्ही डाव बरोबरीत सुटले. निकाल लागला तो जलद डावांत, दिव्याच्या बाजूने. सोंगट्या त्याच, पट तोच, घड्याळ वेगळं आणि कसही वेगळा. तिच्या जलद डावांतल्या विजयाचं कौतुक करताना कुणी पारंपरिक डावाला सोपा किंवा भित्र्यांचा खेळ म्हटलं नाही. संगणकीय खेळांच्या जगात मात्र सावकाश खेळणाऱ्याला अजून आपली बाजू मांडावी लागते.

ही बाजू मांडणं गरजेचं आहे, कारण प्रश्न केवळ प्रतिष्ठेचा नाही. या खेळांत कुणाला प्रवेश मिळतो याचा आहे. संधिवाताने बोटं आखडलेला माणूस, एकाच हाताने खेळणारा, कंपवाताचा रुग्ण, साठीनंतर पहिल्यांदा माउस हाती धरणारी आजी, या सगळ्यांची डावपेचांची समज शाबूत असते. चालतं घड्याळ त्यांना दारातच अडवतं. पॉज असला की ज्याची बुद्धी चालते तो खेळू शकतो. नव्याने शिकणाऱ्यालाही त्याचा तेवढाच उपयोग होतो. हरलेली चकमक कुठल्या क्षणी हातातून निसटली हे थांबून पाहता येतं, तेव्हाच त्या चुकीतून काही शिकता येतं. एरवी फक्त आपण मंद आहोत एवढाच समज पक्का होतो.

म्हणून माझी मागणी साधी आहे. एकट्याने खेळायच्या प्रत्येक रिअल-टाइम स्ट्रॅटेजी खेळात थांबवून हुकूम देण्याची सोय असावी. ती सेटिंगच्या कोपऱ्यात दडवलेली किंवा 'सोप्या' पातळीला जोडलेली नसावी. खेळ घडवतानाच तिचा विचार व्हावा आणि ती वापरणाऱ्याच्या विजयाचं मोल कमी धरलं जाऊ नये. ज्यांना वेग प्रिय आहे त्यांचं यात काहीच जात नाही, कारण स्पेसबार न दाबण्याची मुभा त्यांना आहेच. निर्मात्यांच्या पदरात मात्र मोठा लाभ पडेल. खेळाडूला विचाराला वेळ मिळणार हे ठाऊक असलं की त्याला अधिक खोल प्रश्न विचारता येतात, अधिक गुंतागुंतीची युद्धं, राज्यं आणि जहाजं त्याच्या हाती देता येतात. डावपेचांचा खेळ असं नाव लावणाऱ्या खेळाने डावपेच लढवायला वेळ द्यावा, एवढी अपेक्षा रास्त आहे.